रोशनीनं हाक मारली होती

संगीतानं तळवा वर करून गाणं थांबवायला सांगितलं.

स्पीकर टेबलावर होता. तिचा दुसरा हात त्याच टेबलावर होता, ठोका कळावा म्हणून. गाण्याचे शब्द मी तिला खुणांनी सांगत होते. धृपदाची दुसरी ओळ मी पुरी केली आणि तिचा हात वर गेला.

लोकेशनं घाईघाईनं फोन बंद केला. त्याला वाटलं, पोरीला रडू आलं.

"काहून मॅडम? बरं नाही वाटून राह्यलं का तिले?"

संगीताचे हात भराभर चालले. मी मोठ्यानं म्हटलं, "हे गाणं खोटं आहे. मी याच्यात काम करणार नाही."

लोकेशचा चेहरा उतरला. तो माझ्याकडे बघायला लागला. "तुम्हाले नाही आवडलं का, मॅडम?"

"मी कुठं काय म्हटलं? ती म्हणून राहिली आहे. तू तिच्याकडे पाहा."

ही अडचण नेहमीची. मी बालाघाटच्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवत होते. आता रिटायर झाले, पण दवाखान्यात, पोलीस ठाण्यात, बँकेत कुणाला खुणांची भाषा समजणारं माणूस हवं असलं की बोलावणं येतं. या कामाला इंटरप्रिटर म्हणतात, म्हणजे दुभाषी. दुभाष्याचा पहिला नियम असा की समोरचा 'मी' म्हणाला की आपणही 'मी' म्हणायचं. शिवी दिली तर शिवी द्यायची. मऊ करायचं नाही, आपल्या पदरचं घालायचं नाही. माझ्या तोंडून आलेला राग माझा नसतो, हे लोकांना कळायला वेळ लागतो.

गाणं रोशनीवर होतं आणि त्याच्या व्हिडिओत लोकेशला संगीता हवी होती. रोशनी आणि संगीता दोघी माझ्या विद्यार्थिनी, पहिलीपासून एका बाकावरच्या. संगीता आता कोर्टाजवळच्या टायपिंगच्या दुकानात काम करते. रोशनी बाजारात मोबाइल दुरुस्तीच्या काउंटरवर बसायची. शाळेत असल्यापासून तिला वस्तू उघडून बघायचा नाद होता. आमच्या स्टाफरूमचं घड्याळ तिनं एकदा उघडलं आणि, हे सांगायला हवं, परत नीट लावलंही. म्हणून मुलांनी तिचं नावच तसं पाडलं होतं. कर्णबधिर माणसं एकमेकांना अक्षरं जोडून हाक मारत नाहीत, प्रत्येकाची एक खूण ठरलेली असते. रोशनीची खूण म्हणजे गालाजवळ दोन बोटांनी स्क्रू फिरवायचा.

लोकेश भरवेलीचा. वडील मँगनीजच्या खाणीत. पोरगा रॅप करतो, हिंदीत, मधे मधे घरची बोली घालून. त्याचा फोन एकदा नाल्यात पडला. दोन दुकानांनी हात वर केले. रोशनीनं तो उघडला, वाळवला आणि त्यातली त्याची सगळी गाणी काढून दिली. तेवढीच त्यांची ओळख.

एक माणूस बरेच महिने रोशनीच्या मागे लागला होता. तिनं नाही म्हटलं होतं. एका दुपारी भर बाजारात त्यानं तिला चाकू मारला. तिथंच ती गेली. माणूस पकडला गेला, केस उभी राहिली. समोरच्या एका दुकानाच्या कॅमेऱ्यातली क्लिप गावभर फिरली. त्या कॅमेऱ्यात आवाज नव्हता. पेपरात आलं, मूकबधिर युवती मदतीसाठी ओरडूही शकली नाही. लोकांनी ते वाचलं, हळहळले, आणि तेच खरं झालं.

लोकेशनंही तेच लिहिलं होतं. 'बेजुबान थी वो, पुकारती कैसे, शहर भी करता तो करता क्या.' चाल अशी की एकदा ऐकली की तोंडात बसावी.

इथं एक गोष्ट सांगते. ऐकू न येणाऱ्या माणसाचा कान काम करत नाही. गळा शाबूत असतो. लहानपणापासून शब्द कानावर पडत नाहीत म्हणून शब्द नीट निघत नाहीत, पण आवाज निघतो. चांगला मोठा निघतो. स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही म्हटल्यावर तो लहान कुठं करायचा हे तरी कसं कळणार?

संगीतानं लोकेशला विचारलं, "तू क्लिप पाहिलीस?"

"हौ. सगळ्याईनंच पाह्यली."

"परत पाहा. रोशनीकडे नको पाहू. मागच्या दुकानांकडे पाहा. तिचं तोंड उघडतं आणि दुकानातली माणसं वळतात. सगळी एकदम. त्यांची पाठ होती तिच्याकडे. मग ती माणसं काय पाहून वळली?"

संगीताचे हात चालूच होते.

"तुम्हा लोकांना क्लिपमध्ये आवाज नाही म्हणून वाटलं की आवाज नव्हताच. आम्ही सगळंच बिनआवाजाचं पाहतो. आम्हाला दिसलं. तिनं हाक मारली होती."

हे मी मोठ्यानं बोलत होते. क्लिप मीही पाहिली होती.

पण लोकेश तरुण होता आणि त्याचं गाणं तयार झालं होतं. "मॅडम, रेकॉर्डिंग झालं. टीझर टाकला. पोरं रील बनवून राह्यले त्याच्यावर. त्या ओळीवरच तं गाणं चाललं. आता कसा बदलू?"

मी हेही जसंच्या तसं संगीताला सांगितलं.

"मग चालू दे," ती म्हणाली. "माझ्या मैत्रिणीचं नाव काढ त्यातून."

तो उठून गेला. मोटरसायकल जोरात सुरू झाल्याचं मला ऐकू आलं. मधे पडून समजूत घालावी असं फार वाटलं होतं. पोरगा भला होता आणि मनापासून आला होता. पण दुभाषी मधे पडला की दोघांचंही बोलणं त्याच्याच मनासारखं होतं. संगीतानं पर्स उचलली आणि ड्युटीवर गेली.

काही दिवसांनी लोकेशचा फोन आला.

"मॅडम, वळले ते," एवढंच म्हणाला. त्यानं आणि त्याच्या दोस्तानं, पिंटूनं, ती क्लिप हळू करून पुन्हा पुन्हा पाहिली होती. टीझर त्यानं काढून टाकला होता. "आता तिच्या आईले भेटाचं हाय. तुम्ही येता का संगं?"

रोशनीची आई कमलबाई. माहेर तिरोडीचं, बोलणं अजून तिकडचं. लोकेशनं खाली मान घालून जुनी ओळ वाचून दाखवली. हे धाडसच होतं. वाचली नसती तरी चाललं असतं.

कमलबाईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुले कोणं सांगतलं बाप्पा, ते मुकी होती म्हणून? दारातून हाक मारे तं शेजारची म्हातारी दचकून उठे. 'म्मा' म्हणे. तेवढंच बोले, पण अशी बोले का गल्ली ऐके. मी सैपाकघरातून हौ हौ म्हणत धावो. तिले कुठं माहीत, मी हौ म्हणून राह्यली म्हणून."

लोकेश रडायला लागला. कमलबाई नाही रडली.

"गाणं बनव," ती म्हणाली. "पण मायी पोरगी रडताना दाखवू नोको. दुकानात कशी बसे, तशी दाखव."

संगीता परत आली. एकटी नाही, शाळेच्या जुन्या मैत्रिणी घेऊन आली. एका ओळखीच्या वकिलाला गाणं दाखवलं. त्यांनी एकच अट घातली, केस चालू आहे, आरोपीचं नाव नको, त्याच्यासारखा दिसणारा माणूसही नको. लोकेश म्हणाला, त्याले आम्हाले दाखवायचंच नाही.

नवी ओळ झाली, 'पुकारा था उसने, सुना था सबने.'

त्या ओळीनंतर लोकेशनं जागा मोकळी सोडली. तिथं या मुलींनी स्वतःच्या गळ्यानं हाक मारायची होती. कल्पना संगीताची. ही काय सोपी गोष्ट नव्हती. या मुलींना लहानपणापासून घरात, बसमध्ये, लग्नात, सगळीकडे एकच खूण मिळते, ओठांवर बोट. हसल्या तरी आई कोपरानं ढोसते. त्यांनी माइकसमोर उभं राहून ओरडायचं.

भरवेलीला पिंटूच्या खोलीत रेकॉर्डिंग होतं. भिंतींना गाद्या ठोकलेल्या. मोठा डीजेचा स्पीकर लाकडी तख्तावर पालथा घातला आणि मुली त्याच तख्तावर अनवाणी उभ्या राहिल्या. ठोका तळपायातून यायचा. पहिल्या वेळी सगळ्या मागेपुढे झाल्या. दुसऱ्या वेळी बऱ्याच जमल्या, पण आवाज कसा, पाहुण्यांसमोर खोकावं तसा.

संगीतानं सगळ्यांना थांबवलं. गालाजवळ दोन बोटं नेऊन स्क्रू फिरवला. मग म्हणाली, "ती त्या टोकाला उभी आहे. पाठमोरी आहे. बोलवा."

पुढच्या वेळी जो आवाज निघाला, तसा मी इतक्या वर्षांच्या नोकरीत ऐकला नव्हता. शब्द नव्हता त्यात. पण ऐकणाऱ्याला शंका राहिली नसती की कुणाला तरी हाक मारली जात आहे. बाहेर कॉलनीतली माणसं दारात येऊन उभी राहिली.

पिंटूनं हेडफोन काढून फेकला. "मॅडम, मीटर पूरा लाल हो गया. इनको बोलो थोडा धीरे."

मीटर लाल होणं म्हणजे आवाज यंत्राला झेपत नाही, फाटतो. मी मुलींना सांगितलं. संगीतानं उत्तर दिलं आणि मी ते पिंटूला दिलं, "आयुष्यभर सगळ्यांनी आम्हाला हेच सांगितलं. आज नाही."

"फटने दे," लोकेश म्हणाला.

पिंटू खरा कामाचा माणूस. वाद घातला नाही. माइक उचलून दाराजवळ नेऊन ठेवला. आवाज फाटायचा थांबला.

शूटिंग शाळेच्या स्टेजवर झालं. कॅमेराही पिंटूचाच. तो लग्नांचं शूटिंग करतो, त्यामुळे त्याला चेहऱ्यावर जाण्याची सवय. संगीतानं स्क्रीन पाहिला आणि वैतागली. "हात कुठं आहेत माझे? हात कापलेस म्हणजे शब्द कापलास. लोकेशच्या तोंडावर मधेच हात ठेवला तर चालेल का?" पिंटू दोन पावलं मागे गेला आणि मग दिवसभर मागेच राहिला. एका खुणेच्या मधे शॉट तोडायचा नाही, हेही त्यानं शिकून घेतलं. पुढं एडिटिंगला तो संगीताला शेजारी बसवायचा आणि बोटांची कात्री करून विचारायचा, यहाँ काटूँ? ती मान हलवायची.

रोशनीचं काउंटर त्यांनी स्टेजवर उभं केलं. खुर्ची रिकामी नाही ठेवली. तिच्या जागी बसून एक ज्युनियर मुलगी फोन उघडते, दुरुस्त करते, गिऱ्हाइकाला हसून परत देते. कमलबाई शूटिंगला आली होती. स्क्रूड्रायव्हर धरायची पद्धत चुकत होती, ती तिनं दुरुस्त केली.

व्हिडिओ आला. बालाघाट, गोंदिया, बिरसापर्यंत फोनोफोनी फिरला. मला जुने विद्यार्थी व्हिडिओ कॉल करायचे आणि काही न बोलता नुसती छाती फुगवून दाखवायचे. मीही दाखवायचे. माझ्या मुलींनी एका पुऱ्या गावाला चूक दाखवली होती आणि माझं काम फक्त शब्द पोचवण्याचं होतं. मला एवढा अभिमान शाळेच्या निकालाचाही कधी वाटला नाही.

मग एका दुपारी संगीताचा व्हिडिओ कॉल आला. दुकानात एक माणूस येऊन उभा आहे, काय बोलतो कळत नाही. तिनं फोन काउंटरला टेकवून ठेवला. बांगड्यांचे दुकानदार होते, त्याच बाजारातले, पन्नाशीचे.

"मॅडम, इनको बोलिए, मैंने सुना था," ते म्हणाले. "पुलिस को बोल दिया था कि मैं अंदर गोदाम में था. मैं बाहर था. उसने आवाज दी, मैं पलटा, और मैंने शटर खींच लिया. मेरी भी लड़की है. डर गया था."

मी सांगितलं. संगीतानं त्यांच्याकडे वळून हात चालवले.

"मला सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "तिच्या आईला सांगा. मग कोर्टात सांगा."

ते कमलबाईकडे गेले. तिथं काय बोलणं झालं, मला माहीत नाही. मी नव्हते आणि तिनं सांगितलं नाही. पोलिसांनी त्यांचा जबाब पुन्हा घेतला आणि तारखेला ते कोर्टात आले. मी मागच्या बाकावर बसून संगीताला खुणांनी सगळं सांगत होते.

सरकारी वकिलांनी विचारलं, "लड़की ने आवाज दी थी?"

"जी. बहुत जोर से."

आरोपीचे वकील उठले. त्यांना वाटलं, धागा सापडला. "आप तो यूट्यूब पर गाना देखकर आए हैं न?"

"गाना देखकर आया हूँ, साहब. आवाज पहले सुनी थी."

मी ते संगीताला सांगितलं. तिनं मला पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं. पलीकडे लोकेश बसला होता. तो छताकडे बघत होता, डोळे खाली गेले असते तर वाहिले असते.

निकाल अजून लागायचा आहे. बाहेर आल्यावर सरकारी वकिलांनी आम्हाला समज दिली, गाणं हा पुरावा नसतो, त्याच्या भरवशावर राहू नका.

मी ते संगीताला सांगितलं. तिनं उत्तर दिलं आणि मी ते साहेबांना दिलं, "मान्य आहे. म्हणूनच साक्षीदार आणला."