पद्माबाई जर्मनीला, बॅग सेनगावला

पहिलंच सांगून टाकते, ह्या गोष्टीत मेलं कोणी न्हाई. पण रडलं मात्र अर्धं सेनगाव, अन् त्याला कारण माझा दीर.

कोंडीबा पेंटर म्हणलं की सेनगावात लेकरूबी घर दाखवतंय. दुकानाच्या पाट्या, जीपांच्या मागची नावं, शाळेच्या भिंतीवरचे पाढे, समदं त्यांच्या हातचं. इलेक्शनमधी तर ह्या पार्टीचं चिन्ह सकाळी काढायचे अन् तिच्यासमोरच्या पार्टीचं दुपारी, दोन्ही बराबर एकसारख्या मनानं. अन् लग्नाच्या कमानी! तालुक्यात कोणाचंबी लग्न असू द्या, ‘मंगल परिणय’च्या खाली नवरानवरीचं नाव टाकायला कोंडीबाच पायजे. माणूस हाताचा सोन्याचा, पण डोक्यानं लई हेकट. एकदा न्हाई म्हणले की भर रस्त्यात बैल बसल्यावानी बसणार. शेपूट पिरगाळा न्हाईतर चारा दाखवा, उठायचं नाव न्हाई.

त्यांची बायको पद्मा, माझी धाकटी जाऊ. जन्मात तिनं परभणीच्या पुढं पाय टाकला नव्हता. अन् त्यांची एकुलती एक पोरगी आकांक्षा. इंजिनियर झाली, कंपनीनं जर्मनीला धाडली, अन् तिथं तिनं योहान नावाच्या पोरासंगं एका हापिसात सही करून लग्न लावलं. मागून फोन केला, ‘बाबा, लग्न झालं.’

तुमाला वाटंल, गोरा जावई म्हणून बाप चिडला. छ्या! त्याचं त्यांना कायबी न्हाई. त्यांचा राग कमानीचा. ‘समद्या तालुक्याच्या पोरींची नावं मी काढली वैनी,’ म्हणाले, ‘अन् माझ्या पोरीचं लग्न बिनपाटीचं?’ त्या दिवसापून पोरीशी बोलणं बंद. फोन माझ्या घरी, आमच्या दोन घरांत एकच भिंत. आकांक्षाचा फोन आला की पद्मा पळत यायची अन् भावजी उठून ब्रश धुवायला जायचे. ब्रश कोरडा ठणठणीत असला तरी धुवायचे. चार वर्षं असेच ब्रश धुतले.

दोन हजार चार साली पोरीनं दोघांचे तिकिटं धाडले. बिझनेस क्लासचे. आईचे गुडघे दुखतात, तिथं खुर्चीची खाट व्हते, पाय लांब करून जाता येईल म्हणून. गावभर बोभाटा झाला, पद्माबाई आडवी होऊन जर्मनीला चालली. शेजारची चांगुणा म्हणाली, ‘अगं बाई, आडवं होऊन तर माणूस एकदाच जातंय!’ तिच्या जिभेला हाड न्हाई, काय सांगावं.

भावजी म्हणाले, ‘मी न्हाई येत.’ पद्मा रडली, मी भांडले, माझा पोरगा धम्मदीप पाया पडला. न्हाई म्हंजे न्हाई. तिकीट गेलं वाया.

पण बॅग मात्र त्यांनी स्वतः रंगवली. आमच्याकडं पेटी असो का बॅग, नावगाव टाकल्याबिगर घराबाहेर पडत न्हाई. एसटीच्या टपावर एकासारख्या एक दहा पेट्या असतात, कोणाची कोणती कळावं कसं? लालभडक बॅग, तिच्यावर पिवळा ऑइलपेंट. एका बाजूला मराठीत, दुसऱ्या बाजूला इंग्रजीत: सौ. पद्माबाई कोंडीबा खंदारे, बसस्टँडच्या मागं, मु. पो. सेनगाव, जिल्हा हिंगोली, महाराष्ट्र, भारत. खाली पिंपळाचं पान बी काढलं. अक्षर असं की लांबून बैलगाडीतून वाचावं.

मी म्हणलं, ‘भावजी, बॅग चालली जर्मनीला. तिथला पत्ता टाका की. पोरीचं नाव टाका.’

‘वैनी, पेंटर तुमी का मी?’

घ्या! पोरीचं नाव त्यांच्या ब्रशातून उतरंना, एवढंच खरं.

बॅगेत काय नव्हतं? कुरडया, सांडगे, जवसाची चटणी, दळलेली हळद, जावयाला टोपी-टॉवेल, एक गोधडी, अन् पद्माचे समदे लुगडे. धम्मदीप तिला मुंबईला घेऊन गेला अन् इमानतळाच्या दारातून आत सोडून आला.

आता पुढचं पद्मानं मला मागून सांगितलं, तिच्याच तोंडचं सांगते. आत एका पोरीनं बॅग तोलली अन् दांडीला एक लांब चिठ्ठी चिकटवली. ती चिठ्ठी लोंबली नेमकी ‘सेनगाव’वर. पद्माला ते बघवंना. नवऱ्यानं दोन दिवस राबून काढलेलं अक्षर, अन् त्याच्यावर ह्यांचा कागूद! ती पोरगी तिकडं वळली तशी हिनं चिठ्ठी ओढून काढली, चुरगाळून चोळीत घातली. बॅग गेली आत. ‘बाई, मला वाटलं आपलं एवढं मोठं नाव लिवलंय, त्यांना दिसंना का?’ असं मला म्हणते. आता काय बोलणार कप्पाळ!

इमानाच्या दारात गालिचा. असा सोच्छ की हिनं चपला दारातच काढल्या. कोणाच्या घरात कोणी चपला घालून जातंय का? अनवाणी जाऊन बसली. तिकडं त्या हवाईबाया दारातली एकेक चप्पल उचलून समद्या लोकांना दाखवत फिरल्या, ‘ही कोणाची?’ ही म्हणते, ‘माझीच हाय, राहू दे तिथं, कोण नेतंय?’ शेवटी त्यांनी चपला कागदात गुंडाळून तिच्या मांडीवर आणून ठेवल्या, प्रसादावानी.

मग एकीनं चिमट्यात धरून गरम ओला फडका दिला. पद्मा कामाची बाई. तिनं त्या फडक्यानं समोरचा टेबल पुसला, खुर्चीचे हात पुसले, शेजारच्या सायबाचाबी टेबल पुसला अन् फडका पिळून परत दिला. सायब थँक्यू म्हणाला. त्याला हिनं पदरातला धपाटा दिला, वर ठेचा. खाल्ला बिचाऱ्यानं. मग त्याला पाणी द्यायला दोन बाया पळत आल्या.

अन् एवढी खुर्चीची खाट झाली, तर ही झोपली का? न्हाई! ‘शेजारी परका गडी आडवा पडलेला, मी कशी पडू?’ बिझनेस क्लासच्या खाटेवर मांडी घालून ताठ बसली ती थेट जर्मनीपर्यंत. गुडघे जास्त सुजले ते वेगळंच.

उतरल्यावर पट्ट्यावर बॅगा फिरून राहिल्या. लोक आले, आपापली बॅग उचलून गेले. हिची काय येईना. न्यायला आलेले आकांक्षा अन् योहान हिला घेऊन बॅगेच्या चौकशीला हापिसात गेले. तिथल्या बाईनं समोर बॅगांच्या चित्रांचा पुठ्ठा ठेवला, ‘तुमची कशी व्हती?’ पद्मा म्हणाली, ‘ह्याच्यातली एकबी न्हाई. ह्यांच्यावर तर कायबी लिवलेलं न्हाई.’ आत काय व्हतं इचारलं तर आकांक्षाला सांडग्याला तिकडच्या भाषेत काय म्हणावं ते सुचंना. अर्धा तास ते सांडग्यावरच अडकले. शेवटी त्या बाईनं हिला एक पिशवी दिली. तिच्यात दातांचा ब्रश, मोजे अन् एक बनियन, असलं की त्यात पद्मा अन् मी दोघी मावलो असतो.

आता अंगावर एकच लुगडं. पोरीनं बाजारातून मॅक्सी आणली, सलवार आणली. ‘बॅग येईल, कशाला खर्च?’ म्हणून हिनं हात लावला न्हाई. रोज सकाळी लुगडं धुवायची अन् चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली सोडायची. नऊवारी ते, खालच्या म्हातारीची खिडकीच झाकली. म्हातारी वरती आली भांडायला. पद्माला तिचं कायबी कळंना, तिनं म्हातारीला चहा पाजला. तिथं म्हणे गॅलरीत कपडे वाळवायची बंदी हाय. काय देश म्हणावा! अन् लुगडं वाळेपर्यंत ही जावयाचा टॉवेलाचा कोट घालून न्हाणीत कडी लावून बसायची. जावयासमोर डोक्यावर पदर पायजे, अन् पदर तर बाहेर वाळून राहिलेला. बिचारा योहान दाराबाहेरून ‘आई, आई’ करायचा. तेवढं मराठी त्याला आकांक्षानं शिकवलं व्हतं.

बॅगेचं मात्र पद्माच्या मनाला लागलं. लुगड्यांचं न्हाई. ‘तुझ्या बापानं रंगवली व्हती गं,’ असं पोरीला सांगून बसली. पोरीचा चेहराच फुलला. तिनं इचारलं, ‘माझं नाव टाकलं व्हतं का त्यांनी?’

पद्मा म्हणाली, ‘लई मोठी बॅग व्हती.’

पोरगी शहाणी. पुन्हा इचारलं न्हाई.

इकडं सेनगावात आमाला ह्यातलं कायबी ठाऊक न्हाई. रस्ता खणताना वायर तुटली अन् माझा फोन मुका पडलेला. मी म्हणायची, ‘भावजी, बसस्टँडवर जाऊन एसटीडीवरून फोन लावा की.’ ते म्हणायचे, ‘पोचली असंल. तिला काय व्हतंय?’ अन् निघाले ब्रश धुवायला.

अन् एक दिवस सकाळी एक जीप दारात उभी राहिली. ड्रायवरनं मागून लाल बॅग काढली. पिवळं अक्षर, पिंपळाचं पान. चिठ्ठी नसलेली ती बॅग मुंबईतच पडून राहिली व्हती, अन् कोण्या भल्या माणसानं वरचा पत्ता वाचून बराबर पत्त्यावर धाडून दिली. कोंडीबाच्या अक्षराची कमाल, दुसरं काय!

मी ड्रायवरला इचारलं, ‘अन् बाई कुटंय?’

‘मेरे को क्या मालूम, अम्मा? इमान का सामान है, दस्तखत करो.’ सही घेऊन गेला निघून.

आमच्याकडं माणूस बाहेरगावी गेलं अन् त्याचं नुसतं सामान घरी आलं, तर त्याचा अर्थ एकच असतो. चांगुणानं कुडावरून बॅग बघितली अन् असा हंबरडा फोडला की बसस्टँडवरची माणसं पळत आली. ‘आडवी होऊन गेली गं माझी पद्मा!’ बायका जमल्या, गळ्यात गळे पडले. माझ्या हातातलं पातेलं पडलं. खोटं काहून सांगू, मलाबी तेच वाटलं. घंट्याभरात चांगुणा टोपल्यात भाकरी अन् पिठलं घेऊन हजर, कडू घास म्हणून. मयताच्या घरी चूल पेटवायची नसते ना.

भावजी बॅगेसमोर बसले व्हते. लोक म्हणाले, उघडून बघा. ते हात लावंनात. नुसतं आपलंच अक्षर वाचून राहिले व्हते. मग माझ्याकडं बघून म्हणाले, ‘वैनी, पोरीचं नाव टाकलं असतं तर ही बॅग तिच्याकडं गेली असती. मीच सेनगाव लिवलं. मीच माघारी बोलावली.’ अन् हा एवढा हेकट माणूस लेकरावानी हुंदके देऊन रडला. एवढ्या वर्षांत मी पहिल्यांदा बघितलं.

पण मला त्याच रडण्यानं राग आला अन् डोकं ठिकाण्यावर आलं. मी म्हणलं, ‘रडता काय? पोरीला फोन करा! तिला ठाऊक असंल ना, तिची आई हाय का न्हाई ते!’

‘तुमी बोला वैनी.’

‘मी न्हाई बोलत. बायको तुमची, पोरगी तुमची. आज बी ब्रश धुवायला जायचं असंल तर जा!’

नंबर माझ्या भिंतीवर लिवलेला व्हता, तो उतरवून घेतला. एसटीडीच्या डब्यात भावजीला घातलं, मी दारात उभी, माझ्या मागं चांगुणा टोपलं घेऊन, तिच्या मागं अर्धं गाव नाक शिंकरत. मालकानं नंबर फिरवला. भावजींनी फोन दोन्ही हातांनी धरला, डोळे मिटले. फोनमधून पोरीचा आवाज आला, ‘हॅलो.’

अन् हे काय म्हणाले असतील? ‘हॅलो, सेनगावहून कोंडीबा पेंटर बोलतोय.’

अवो, पोरीला! मी कपाळावर हात मारला.

 तिकडून बारीक आवाजात, ‘बाबा?’

‘बॅग आली.’

‘कुठं आली?’

‘घरी. तुझी आई कुटंय? खरं सांग मला. मी ऐकून घेईन.’

‘आई इथंच आहे बाबा, न्हाणीत. साडी वाळायची वाट बघतेय.’

भावजी मटकन खालीच बसले. मागून लोक ओरडले, ‘काय म्हणती? काय म्हणती?’ मी म्हणलं, ‘लुगडं वाळून राहिलं म्हणती!’ समदे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. चांगुणा म्हणाली, ‘मंग ह्या भाकरीचं काय करू?’ मी म्हणलं, ‘खा आता तूच!’ अन् मग मला हसू फुटलं ते आवरंना. हसता हसता मी तिथं पायरीवर बसून रडले, माझी मलाच लाज वाटली.

फोनमधी आकांक्षा सांगून राहिली व्हती, ‘बाबा, कोणाला तरी देऊन बॅग कुरियरनं पाठवा. इथं विमानवाले खर्च देतात.’

‘न्हाई न्हाई. पुन्हा कुटं जाईल सांगता येत न्हाई. मीच घेऊन येतो.’

फोनमधून नुसतं सूंसूं यायला लागलं. मालकाला वाटलं लाइन कटली. पण कटली नव्हती. पोरगी रडून राहिली व्हती, मला दारातून ऐकू येत व्हतं.

भावजींनी बाहीनं नाक पुसलं अन् खेकसले, ‘रडतेस काय? मीटर पळून राहिलं इथं. बॅगेत अजून जागा हाय. तुला काय आणू ते सांग.’