बॅकची जागा

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, आता फुटबॉल विसरा. मी पस्तिशीचा. कॉलेजपासून दर रविवारी आमच्या टीमचा बॅक, म्हणजे गोलच्या पुढं उभं राहून समोरच्याला अडवणारा. पुंडलिकनगरच्या घरात जीव नुसता कासावीस व्हायचा. टीव्ही लावायचो, बंद करायचो. गॅलरीत जायचो, परत यायचो. बायको म्हणायची, एका जागी टेका की जरा.

त्या दिवसांत मोबाईलवर शंभर वर्षांपूर्वीच्या एका इटालियन बॅकबद्दल वाचलं. पोरवयात आपल्या गावच्या क्लबात शिरला, देशाकडूनही थोडे सामने खेळला. मग पहिलं महायुद्ध आलं, फुटबॉल बंद पडला आणि तो आघाडीवर गेला. ऐन उमेदीची वर्षं तिथंच गेली. परतल्यावर त्याच क्लबाकडून थोडंफार खेळला आणि थांबला. पुढं काहीच नाही. थांबला त्या दिवशी हा माणूस घरी जाऊन काय करत बसला असेल, हे माझ्या डोक्यातून जाईना.

आमचे कोच भेटायला आले तेव्हा त्यांना हे सांगितलं. सर मराठी बोलता बोलता दखनीत शिरणारे. म्हणाले, त्यांचंही असंच झालं होतं. खेळणं सुटल्यावर कितीतरी दिवस ते मैदानाचा रस्ताच टाळायचे. चहा संपवून उठताना म्हणाले, "स्वतःहून थांबत कुणी नाय रे. रविवारी ये. तेरी जगह नया लड़का आया, उसकू कुछ समझता नै."

तेरी जगह. हे ऐकून मी आणखीच बिथरलो. तरी गेलो.

नवा बॅक गंगापूरचा, घरी उसाची शेती, एसटीनं यायचा. अंगानं दणकट, पण बॉल दिसला की जागा सोडून धावायचा. मागं सगळं मोकळं. तसाच एक गोल खाल्ला आम्ही. मला बसवेना. काठी टेकत गोलच्या मागं गेलो आणि ओरडत राहिलो: थांब, येऊ दे त्याला, आत्ता जा. ओरडताना माझाच पाय उचलला जायचा आणि कळ मस्तकात जायची. एकदा त्यानं खरंच दम धरला, समोरच्याच्या पायातून बॉल अलगद काढला आणि पुढं दिला. मला आनंद झाला, आणि आत कुठंतरी तुटलंही.

सामना बरोबरीत सुटला. बूट काढता काढता तो म्हणाला, "भाऊ, तुम्ही बरे झालात की ही जागा तुमचीच हाय."

मनापासून बोलत होता. मी म्हणालो, "नाय, आता तूच खेळ. मी मागून सांगतो."

बोलून गेलो खरा, पण घरी जायचं सोडून किती तरी वेळ मैदानाच्या कडेनं लंगडत फिरलो. आता टीमचे बॅक मीच तयार करतो. अजूनही कुणी चुकीच्या जागी उभा दिसला की आत शिरावंसं वाटतं. मागं एकदा चालू सामन्यात शिरलोही. सरांनी दंडाला धरून बाहेर आणलं.