हलव्याचं मंगळसूत्र

मैत्रिणींनो, आज दुपारचं तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

नाताळच्या सुट्टीमुळे माझी शाळा बंद आहे. रेशनची साखर वाचवून मी हलवा केला. सून मंजुळा बेळगुंदीची, तिची ही पहिली संक्रांत. मुलगा लढाईवर आहे आणि दिवाळीपासून त्याची खुशाली कळलेली नाही. तरी आम्ही दोघी हलव्याचे दागिने करत बसलो होतो.

मंगळसूत्राची शेवटची गाठ मारताना माझ्या हातून दोरा तुटला. पांढरे दाणे घरभर झाले.

मला वर बघवेना. शेजारच्या आक्का दारातून म्हणाल्या, "अगं बाई, हेच तुटायचं हुतं व्हय!"

मंजुळा खाली बसून दाणे वेचू लागली. "दोरा कच्चा हुता, आक्का. दुसरं काय न्हाय." मग मला म्हणाली, "आत्या, द्या हिकडं, मी दुहेरी दोरा घेते."

तिनं ते पुरं केलं आणि तिथंच गळ्यात घातलं.

संक्रांतीला अजून अवकाश आहे. रात्र झाली तरी तिनं ते काढलेलं नाही. काढ म्हणायचं मला धाडस होत नाही. तुम्ही म्हटलं असतं का?