गोलपोस्टसमोरचे पाच नारळ

फुटबॉलची जबाबदारी माझ्याकडे कशी आली हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. सत्तरनंतरची एक-दोन वर्षं असतील. नाशिकच्या एका नव्या कॉलेजात मी इंग्रजी शिकवत होतो. एका दुपारी प्राचार्यांनी बोलावलं आणि म्हणाले, "फुटबॉल आता तुम्ही बघा."

"सर, मी आयुष्यात चेंडूला पाय लावलेला नाही."

"खेळ इंग्रजांचा आहे. तुम्ही इंग्रजीचे आहात."

प्राचार्य मूळचे तर्कशास्त्राचे. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, कारण निष्कर्ष ते आधी काढून ठेवत आणि कारणं मागाहून शोधत.

आमच्याकडे फुटबॉल होता तो संस्थेच्या अध्यक्षांमुळे. ते आदल्या वर्षी युरोपची सहल करून आले होते. तिथे प्रत्येक गावात एक चर्च आणि एक फुटबॉलचं मैदान असतं, असं त्यांच्या नजरेत भरलं. चर्च बांधणं शक्य नव्हतं. म्हणून ज्यांना क्रिकेटच्या संघात कोणी घेतलं नव्हतं अशी अकरा मुलं गोळा झाली आणि त्यांना निळे बनियन मिळाले.

पहिला सराव सामना देवळाली कॅम्पात जवानांच्या संघाशी झाला. तो पाहून मी हादरलो. आपण हरणार हे ठाऊक होतं. पण हरण्यालाही काही रीत असते. आमचा मधल्या फळीतला मुलगा मुळात कबड्डीचा. समोरचा माणूस जवळून गेला की हा सवयीने वाकून त्याचा घोटा पकडायचा. गोल मोजायला बसवलेला जवान मध्यंतरानंतर कंटाळून चहाला निघून गेला. सामना संपल्यावर त्यांचे सुभेदार माझ्याजवळ आले आणि मनापासून म्हणाले, "प्रोफेसरसाब, लडके अच्छे है. इनको कोई दूसरा खेल सिखाओ." मग निघता निघता म्हणाले, "नहीं तो मालेगाव जाओ. वहाँ से लडके लाओ."

अकरावीचा, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकचा, निकाल लागल्यावर मी एसटीने मालेगावला गेलो. शुक्रवार निवडला होता, कारण शुक्रवारी तिथले कापड विणायचे लूम बंद असतात. एरवी त्या गावात शिरलं की खडखडाट कानांत शिरतो आणि परतीच्या एसटीत बसेपर्यंत निघत नाही. त्या दिवशी मात्र गाव शांत होतं आणि सगळा आवाज मैदानावर जमला होता. धूळ एवढी की चेंडू आधी ऐकू यायचा, मग दिसायचा. एकाच्याही पायात बूट नव्हता. आणि त्या धुळीत सतरा-अठरा वर्षांचा एक डावरा मुलगा असा पळत होता, की आमच्या कॉलेजात चालतं त्याला फुटबॉल म्हणायची मला लाज वाटली.

मैदानावर शाळेचे एक शिक्षक भेटले. त्यांनी अकरावी पास झालेले तिघे दाखवले: हा डावरा, एक गोलकीपर आणि एक उंच फुलबॅक. डावऱ्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "हा घ्याच. पण याच्या वडिलांशी बोलावं लागेल."

वडील लूमवर काम करणारे. घरात पाऊल टाकलं आणि ते माझ्या अंगावर ओरडले, "बैठो! चाय पिओगे?" मी दचकून बसलो. आतून बाई त्याच पट्टीत ओरडल्या, "दूध नही है!" भांडण वगैरे काही नव्हतं. जन्मभर लुमांच्या आवाजात बोललेल्या माणसांचं हे नेहमीचं प्रेमळ बोलणं होतं. वडिलांचा एक डोळा पांढरा झालेला होता.

मी आमच्या कॉलेजच्या क्रीडापरंपरेबद्दल चार वाक्यं बोललो. परंपरा दीड वर्षाची होती. त्यांनी मला मधेच थांबवलं.

"साब, गेंद तो ये इधर भी खेलता है. पढाओगे क्या, वो बोलो. इसको मास्टर बनना है."

"पढायेंगे ना. फी माफ. होस्टेलची खोली. बी.ए. होईपर्यंत."

"और टाँग टूट गयी तो?"

हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. त्यांनी आपल्या पांढऱ्या डोळ्याकडे बोट नेलं. लूमवरचा सूत नेणारा धोटा उडून लागला होता. "सुबह आँख गयी. शाम को सेठने मेरी जगह दूसरा आदमी खडा किया. इसलिये पूछता हूँ."

"अहो, कॉलेज म्हणजे कारखाना नव्हे," मी म्हणालो. मी ते पूर्ण विश्वासाने म्हणालो. त्या वेळी माझी नोकरी तशी नवीच होती.

तिघे जूनमध्ये नाशिकला आले. त्यांना बूट घेऊन दिले, पण बूट घालून तो डावरा मिरवणुकीतल्या उंटासारखा चालायचा. शेवटी चौकशी केली. जिल्ह्यातल्या स्पर्धेत अनवाणी खेळायला कोणाची हरकत नव्हती. बूट खुंटीला गेले. संध्याकाळी सरावाला कंपाउंडबाहेर माणसं थांबू लागली. तो मुलगा माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसायचा. उर्दू शाळेतून आलेला, त्यामुळे इंग्रजी वाचताना त्याला घाम फुटायचा, पण धडा संपल्याशिवाय उठायचा नाही. कबड्डीवाला त्याला चिडवायचा, "काय रे मास्तर, रेफ्रीलाही ग्रामर शिकवणार का?" तो म्हणायचा, "पहले तू हात पीछे बाँधके खेलना सीख."

त्या वर्षी जिल्ह्याच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचं यजमानपद अध्यक्षांनी मागून घेतलं. मांडव पडला. मखमलाबादच्या मळ्यांतून झेंडूचे हार आले. लग्नातला बँड आला. आणि नारळ कोणी फोडायचा यावरून आठवडाभर कार्यालयाचं काम बंद पडलं. अध्यक्षांचा मान, उपाध्यक्षांचा मान, जागा देणाऱ्या देणगीदाराचा मान, नगराध्यक्षांचा मान. कार्यवाह रुसले ते वेगळेच. प्राचार्यांनी तर्कशास्त्राने मार्ग काढला: पाच माणसं, पाच नारळ. आणि नारळ मांडवात न फोडता गोलपोस्टसमोर फोडायचे, म्हणजे गोल होतील.

शिपायाने एक दगड आणून गोलपोस्टच्या तोंडाशी ठेवला. पाच मान्यवर रांगेत उभे राहिले. आमच्या अध्यक्षांनी आयुष्यात कोणतीच गोष्ट हळू केली नव्हती. त्यांनी नारळ असा आपटला की करवंटीचे तुकडे पार सहा यार्डांच्या रेषेपलीकडे गेले. मग बाकीच्यांना माघार घेता येईना. देणगीदार वयस्कर होते, त्यांनी दोनदा आपटला. टाळ्या वाजल्या. खोबरं वेचून तबकात गेलं, दगड शिपायाने उचलला. करवंट्या कोणाला आठवल्या नाहीत. मलाही नाही. आदल्या रात्री पाऊस झाला होता, जमीन मऊ होती, काळ्या चिखलात तपकिरी तुकडे दिसणार तरी कसे.

भाषणं झाली. सामना सुरू झाला. मध्यंतरापर्यंत गोल नव्हता आणि आम्ही गोल न खाणं हीच बातमी होती. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या आणि आमची मुलं त्या नारळाच्या गोलकडे धावू लागली. गोलकीपरने लांब चेंडू मारला. डावऱ्याने तो छातीवर घेतला, एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं, उजवा पाय रोवला आणि डाव्याने मारला. चेंडू जाळ्यात.

आमच्या कॉलेजचा स्पर्धेतला पहिला गोल! मांडव उभा राहिला. बँडवाल्यांना सूचना होतीच, ते सुरू झाले. मुलगा खाली बसला. आनंदाने बसला असं मला वाटलं. सगळ्यांनाच वाटलं. अध्यक्ष हार घेऊन थेट मैदानात गेले, मागे फोटोग्राफर. त्यांनी बसलेल्या मुलाच्या गळ्यात हार घातला, त्याचा हात धरून वर केला, फोटो निघाला. पोराचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता आणि अध्यक्ष कॅमेऱ्याकडे बघत होते.

तेवढ्यात फुलबॅक ओरडला, "साब, हटो! पाँव देखो उसका पाँव!"

मी धावलो. उजव्या तळव्यात करवंटीचा तुकडा खोल, आडवा घुसलेला होता. चिखल लाल झालेला. बँड अजून वाजतच होता, कारण थांबायची सूचना कोणी दिली नव्हती. अध्यक्षांनी एकदा खाली पाहिलं, आपले पांढरे बूट मागे घेतले आणि शेजारी उभ्या प्राचार्यांना म्हणाले, "फोटोत पाय आला नाही ना?"

कबड्डीवाल्याने त्याला खांद्यावर घेतलं. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. डॉक्टरांनी मला बाहेर घेऊन सांगितलं, शीर तुटली आहे, चालेल नीट, पण धावणं अवघड. मी आत आलो. पायाबद्दल काय सांगावं याची जुळवाजुळव करत होतो. त्याने पायाबद्दल विचारलंच नाही.

"सर, कमरा जाएगा क्या?"

"काहीतरीच काय. झोप," मी म्हणालो.

मी हे म्हणालो आणि पुढच्याच आठवड्यात कॉलेजात आलो तर होस्टेलच्या व्हरांड्यात त्याची पत्र्याची ट्रंक, वर गुंडाळलेली वळकटी. तो शेजारी पायरीवर बसलेला, पायाला बँडेज, मांडीवर पुस्तक. मी तसाच प्राचार्यांकडे गेलो.

"खोली खेळाडूला दिली होती," ते शांतपणे म्हणाले. "तो आता खेळत नाही. म्हणजे तो खेळाडू नाही. म्हणून खोली त्याची नाही. यात चूक कुठे आहे, दाखवा."

"सर, नारळ आपण फोडले."

"नारळ शुभ असतो," प्राचार्य म्हणाले.

मी बरंच बोललो, काही जोरातही बोललो. त्यांनी चष्मा पुसला. अध्यक्षांकडे गेलो, ते पुढच्या सामन्याच्या निमंत्रणपत्रिका तपासत होते. कलेक्टरसाहेब येणार होते. मुलगा तोपर्यंत गोलकीपरच्या खोलीत चोरून झोपत होता. रेक्टरने दोनदा हाकललं. वडिलांना कळवू नका, मुलगा मला म्हणाला. कळलं तर ते घेऊन जातील, आणि नेलं की दुसऱ्या दिवशी लूमवर.

पुढचा सामना. मांडव, सतरंज्या, कलेक्टर. समोरचा संघ मैदानात उतरून उड्या मारत होता. रेफ्रीने शिट्टी वाजवली. आमचे अकराच्या अकरा बाजूच्या रेषेवर मांडी घालून बसलेले.

मला वाटलं बुटाची नाडी वगैरे असेल. मी जवळ गेलो. "उठा की रे!"

"लूम बंद है, सर," गोलकीपर म्हणाला.

"काय बंद?"

"आपके यहाँ क्या बोलते है? संप. संप हाय."

मी थक्क होऊन कबड्डीवाल्याकडे पाहिलं. हा तर नाशिकचा, शेतकऱ्याचा मुलगा, याला कोणी शिकवलं? तो म्हणाला, "आपला मास्तर खोलीत गेल्याबिगर आम्ही नाय उठणार. लय झालं."

प्राचार्य धावत आले. "हा काय तमाशा? उठा! एकेकाला काढून टाकीन!"

"निकालो साब," फुलबॅक म्हणाला. "फिर खेलेगा कौन? आप?"

मागून कोणीतरी हसलं. मांडवातून कलेक्टरांनी विचारलं, "व्हॉट इज द प्रॉब्लेम?" अध्यक्षांचा चेहरा मी पाहत होतो. रागाने लाल झाला, मग कलेक्टरांकडे वळला, मग त्यावर हसू आलं. एवढ्या वेगाने रंग बदललेला मनुष्य मी नाटकातही पाहिला नव्हता. प्राचार्य त्यांच्या कानाशी लागले. अध्यक्षांनी माइक ओढला.

"बंधूंनो! आपल्या जखमी खेळाडूला ही संस्था कधीही वाऱ्यावर सोडणार नाही! त्याची खोली त्याचीच राहील!"

टाळ्या. अकरा जण बसलेलेच.

"कब तक, वो बोलो!" गोलकीपर ओरडला. घरच्या पट्टीत ओरडला, तेव्हा माइकची गरज नव्हती.

अध्यक्षांनी कलेक्टरांकडे पाहिलं. "पदवीधर होईपर्यंत!"

मग अकराही जण उठले, मागची माती झाडली आणि मैदानात गेले.

मी खेळ पाहायला थांबलो नाही. कलेक्टर होते तोवर शब्द होता. गाडी गेली की त्याचं काय होईल याचा मला भरवसा नव्हता. मुलाला घेऊन होस्टेलवर गेलो. रेक्टर मांडवात होते. दारावर वॉचमन एकटाच.

"खोली उघडा," मी म्हणालो. "अध्यक्षांनी सांगितलंय."

"आइकलं ना सर. भोंग्याचा आवाज हितवर येतो," त्याने चावी काढली. "पदवीधर होईस्तोवर म्हनले. म्या बी साक्षीदार हाय."

ट्रंकेचं एक टोक वॉचमनने धरलं, दुसरं मी. पुस्तकांनी ती अशी जड झाली होती की दारात आम्ही दोनदा टेकवली. मैदानाकडून मोठा ओरडा आला. कोणी कोणाला गोल केला हे कळायला मार्ग नव्हता. भिंतीला धरून उभ्या मुलाने तिकडे मान वळवली, क्षणभर ऐकलं आणि पुन्हा आमच्याकडे पाहिलं.

"खाट के नीचे नही, सर," तो म्हणाला. "खिडकी के पास रखो. उसी पे बैठके पढूँगा."