सात भोकांचा कोट

रफूकाकांचं दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा. उभं राहिलं की डोकं पायरीला लागतं, म्हणून ते उभे राहतच नाहीत. सकाळी आत शिरून मांडी घालतात ते दुपारी जेवायलाच उठतात. उजेडासाठी रस्त्याकडची खिडकी, हाताशी सुयांची डबी, एक भिंग आणि एक पालथा घातलेला काचेचा पेला. फाटलेला भाग त्या पेल्यावर ताणून धरायचा, त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे उपसायचे आणि एक उभा, एक आडवा असे विणत जायचं. चाळीस वर्षं हेच काम. त्यांचं खरं नाव बायकोखेरीज कोणाला ठाऊक असेल असं वाटत नाही, आणि बायको तर त्यांना 'अहो' म्हणते.

ज्या वस्तादांकडे ते हे काम शिकले, त्यांनी सुई हातात देण्याआधी काही गोष्टी शिकवल्या होत्या. गिऱ्हाईक भोक दाखवत असताना त्याच्या तोंडाकडे बघायचं नाही. कसं फाटलं ते विचारायचं नाही. दुकानात कपडे टांगताना फाटकी बाजू भिंतीकडे करायची. गिऱ्हाईक रस्त्यात तोच कपडा घालून भेटलं, तर कपडा ओळखल्याचं दाखवायचं नाही. "आपण डॉक्टरसारखे," वस्ताद म्हणायचे, "फक्त आपल्याला कोणी खुर्ची देत नाही."

रफूकाकांनी हे सगळं पाळलं. पाळण्यात काही कष्टही नव्हते, कारण स्वभावच भिडस्त. पण गेल्या काही वर्षांत काम कमी होत गेलं. लोक फाटलं की टाकतात आणि नवीन आणतात. काका दिवसभर खिडकीतून रस्ता बघत बसायला लागले.

मग एका रविवारी त्यांची लेक आली. ती दुसऱ्या गावात नोकरी करते. तिने बापाचा फोन मागितला, तासभर काहीबाही केलं आणि म्हणाली, "बाबा, हे तुमचं पान. रफूच्या आधी एक फोटो, नंतर एक फोटो. बस्स. कोणाचं नाव घालायचं नाही, चेहरा दाखवायचा नाही."

"कोण बघणार भोकं?" काकांनी विचारलं.

"लोकांना वेळ आहे हो बाबा. तुम्ही टाका तर."

पहिला फोटो एका शालीचा होता. नऊ जणांना आवडली. त्यात एक लेक, एक जावई आणि एक स्वतः काका, कारण आपणच आपल्याला अंगठा द्यायचा नसतो हे त्यांना माहीत नव्हतं. मग एक पाटलोण टाकली, मग एक पडदा. आणि मग एका बाईंचा स्वेटर. तो त्यांच्या आईने विणलेला होता, आई गेली होती. हे त्या बोलता बोलता सांगून गेल्या होत्या आणि काकांनी ते फोटोखाली लिहिलं. त्या स्वेटरला नऊशे अंगठे पडले. कोणी लिहिलं, 'डोळे भरून आले.' कोणी लिहिलं, 'काका, तुमच्या हातांना नमस्कार.'

चाळीस वर्षांत काकांच्या हातांबद्दल कोणी काही बोललं नव्हतं. बोलणार कसं? काम चांगलं झालं की दिसत नाही, आणि दिसलं तर ते काम वाईट. त्या रात्री त्यांना झोप लागेना. दुसऱ्या दिवसापासून फोन पेल्याशेजारी आला. एक धागा झाला की एक नजर फोनवर. आपण डोळ्यांना विश्रांती देतोय, असं ते स्वतःला सांगायचे. घरी जेवतानाही फोन ताटाजवळ.

"भाजी गार होतेय," बायको म्हणायची. "का आज अंगठेच खाऊन पोट भरणार आहे?"

"बघतोय फक्त."

"बघा, बघा. माझ्याकडे कधी एवढं बघितलं असतं तर मीही दिला असता एक."

काका हसून फोन उलटा ठेवायचे आणि दोन घासांनी परत सुलटा करायचे. एक गोष्ट मात्र त्यांच्या चांगली ध्यानात आली होती. नुसत्या भोकाला कोणी विचारत नाही. भोकामागे माणूस लागतो.

असं चाललेलं असताना एका सोमवारी संध्याकाळी वाचनालयाचे सर आले. गल्लीच्या टोकाला जे वाचनालय आहे, तिथे ते चौतीस वर्षं ग्रंथपाल. एकटे राहणारे, हळू बोलणारे, पुस्तक उशिरा परत करणाऱ्यालाही स्वतःचीच चूक असल्यासारखे आठवण करून देणारे. कागदात गुंडाळलेला कोट त्यांनी काढला. राखाडी-हिरव्या चौकडीचा, त्यात एक बारीक तांबडी रेघ. हा कोट घालूनच सर रोज वाचनालय उघडत. उन्हाळ्याचे दिवस म्हणून मध्यंतरी कपाटात राहिला आणि त्याला कसर लागली. सात भोकं, त्यातली तीन अगदी छातीवर.

"शुक्रवारी माझा निरोप आहे," सर म्हणाले. "चार वाजता. सगळ्यांसमोर बसायचं म्हणजे..." मग थोडं थांबून, "दुसरा कोट नाही हो माझ्याकडे. कधी गरजच वाटली नाही."

"गुरुवारी घेऊन जा," काका म्हणाले. "तुमचं तुम्हालाही सापडणार नाही."

सर गेले. काकांनी कोट मांडीवर पसरला. संध्याकाळचा तिरपा उजेड भोकांतून पलीकडे गेला होता आणि ते चित्र खरंच सुरेख दिसत होतं. त्यांनी फोटो काढला. चेहरा नाही, नाव नाही. लेकीने सांगितलेलं सगळं पाळलं. खाली लिहिलं: 'सात भोकं. गिऱ्हाईक म्हणाले, दुसरा कोट नाही. शुक्रवारी त्यांचा निरोप समारंभ. बघू या, हा म्हातारा काय करू शकतो ते.'

रस्त्यावर माणसाच्या पाठीवरचा कपडा बघून माणूस ओळखणाऱ्या रफूगाराला, कापड हाच चेहरा असतो हे त्या क्षणी सुचलं नाही. का सुचलं नाही, ते त्यांना नंतरही सांगता आलं नाही.

मंगळवारी सकाळी दुकान उघडलं तेव्हा आकडा दोन हजारांच्या पुढे गेला होता. काका पहिल्या भोकाला लागले. दहाच्या सुमारास कोणीतरी लिहिलं, 'हा कोट ओळखीचा वाटतोय.' काकांनी फोन हातात घेतला, फोटो कसा पुसायचा ते त्यांना येत होतं. पण त्याच वेळी कोणी एका लांबच्या गावच्या बाईने लिहिलं होतं, 'काका, झाल्यावर नक्की दाखवा, आम्ही वाट बघतोय.' वाट बघतोय. काकांनी फोन खाली ठेवला. म्हटलं, वाटतोय म्हणालाय, आहे असं कुठे म्हणालाय?

बारा वाजता दुसऱ्याने लिहिलं, 'आपल्या वाचनालयातले सर ना हे?' खाली तिसऱ्याने, 'अरेरे. एवढे हलाखीचे दिवस?' चौथ्याने हसऱ्या तोंडांची रांग लावली होती. आकडा तीन हजार सहाशे. काकांनी पुन्हा फोन उचलला, पुन्हा ठेवला. चार हजार झाले की पुसू, असं त्यांनी ठरवलं. हे त्यांनी खरोखर, शुद्धीत राहून, मनातल्या मनात शब्दांत ठरवलं. पुढे त्यांच्या मनातून काही केल्या जाईना ते हेच. मग ते पुन्हा सुईकडे वळले. एक धागा, एक नजर. एक धागा, एक नजर.

दिवेलागणीला लेकीचा फोन आला. "बाबा, ते लगेच काढा. अहो, लोक त्या माणसाचं नाव लिहितायत खाली."

"हो का?" काका म्हणाले. "माझं लक्षच नव्हतं."

फोटो पुसला. तेव्हा चार हजार एकशे बारा झाले होते.

पुसून काही उपयोग नव्हता. लोकांनी तो आपापल्या फोनात उतरवून घेतला होता आणि तो घरोघर फिरत होता. बुधवारी काका दुकान बंद करून वाचनालयात गेले. सर खुर्चीवर सदऱ्यातच बसले होते. समोर दोन कॉलेजच्या मुली पुस्तक घेता घेता एकमेकींना कोपराने ढोसत होत्या.

"सर," काका म्हणाले.

सरांनीच सुटका केली. "राहू द्या हो. तुम्हाला काय माहीत, एवढं पसरेल म्हणून. कळल्याबरोबर काढलंत ना? झालं तर मग."

आता बोलायला हवं होतं. काकांनी तोंड उघडलंही. पण सरांनी इतक्या चांगुलपणाने दार उघडून दिलं होतं की काका त्यातून निमूट बाहेर पडले. "हो सर," ते म्हणाले. "कळल्याबरोबर काढलं."

रस्त्याला लागल्यावर त्यांना वाटलं, धरणीने पोटात घेतलं तर बरं.

गुरुवारी सर कोट न्यायला आले नाहीत. वाचनालयाचे कार्यवाह मात्र आले. "उद्या चार वाजता तुम्ही यायचंच," म्हणाले. "तुमच्यावाचून कार्यक्रम नाही." काकांना वाटलं, बोलायची रीत असेल.

शुक्रवारी काका आणि काकू मागच्या रांगेत बसले. सर व्यासपीठावर इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात, हात मांडीवर. दोन-चार भाषणं झाली. मग अध्यक्ष उठले. "आपल्या सरांनी चौतीस वर्षांत स्वतःसाठी काही मागितलं नाही," ते म्हणाले. "त्यांची परिस्थिती आपल्याला कळलीच नसती. ती कळली एका कारागिरामुळे. तो फोटो पाहून सगळ्या सभासदांनी आपणहून वर्गणी काढली."

एका पेटीतून नवा कोट निघाला. निळा, चकचकीत. टाळ्या पडल्या. "घालून दाखवा, सर," कोणीतरी ओरडलं. सरांनी उभं राहून तो घातला. बाह्या इतक्या लांब होत्या की बोटांची फक्त टोकं दिसत होती. समोर पन्नास-साठ फोन वर झाले. सर हसत होते. ज्याला नाही म्हणता येत नाही तो माणूस जसा हसतो, तसं.

"आणि आता आपले रफूकाका," अध्यक्ष म्हणाले. "या, वर या."

"उठा," काकू कुजबुजल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि पुढची थट्टा गिळून टाकली. "अहो, बरं नाही का वाटत?"

काका वर गेले. कसे गेले ते त्यांना आठवत नाही. त्यांच्या हातात फुलं दिली, सरांच्या शेजारी उभं केलं आणि फोटो घेतले. सरांचा खांदा त्यांच्या खांद्याला लागत होता. "दोघं जरा जवळ या," फोटो काढणारा म्हणत होता. "काका, हसा की."

कार्यक्रम संपल्यावर सर वाचनालयाच्या पायऱ्यांवर थोडा वेळ एकटे सापडले. काकांनी काकूंना पुढे व्हायला सांगितलं.

"सर, मी खोटं बोललो."

सर थांबले.

"मला सकाळीच कळलं होतं. दहा वाजता. तुमचं नाव बारा वाजता आलं. मी वाचलं आणि ठेवून दिलं. संध्याकाळपर्यंत ठेवलं. आकडा वाढत होता म्हणून."

रस्त्यावरून सायकली जात होत्या, सर त्यांच्याकडे बघत राहिले.

"किती झाले होते?" शेवटी त्यांनी विचारलं.

"चार हजारांवर."

"चार हजार." सरांनी मान हलवली. "एवढे लोक आमच्या वाचनालयात सगळे मिळून आले नसतील." ते चेष्टेने म्हणाले की कसं, ते काकांना कळलं नाही. विचारायचा धीरही झाला नाही. "उद्या दुकान उघडं आहे का?"

"आहे."

"कोट न्यायला येतो."

शनिवारी सकाळी ते आले. काकांनी कोट काढून दिला. इतक्या वर्षांत सरांनी रफू केलेला कपडा कधी तपासला नव्हता, नुसता घडी करून काखेत मारायचे. आज त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरला. डावी बाजू, उजवी बाजू, मग छाती. चष्मा कपाळावर सरकवून अगदी डोळ्यांजवळ नेला. काका आपल्या गुडघ्यांकडे बघत बसले.

"हे एक दिसतंय," सर म्हणाले.

काकांनी भिंग घेतलं. खरंच दिसत होतं. खिशाच्या वर, तिसऱ्या भोकाशी तांबडी रेघ एका धाग्याने सरकली होती. मंगळवारी दुपारी केलेलं भोक. असली चूक शिकाऊ असतानाही त्यांच्या हातून झाली नव्हती, आणि झाली ती त्यांच्या ध्यानातही आली नव्हती.

"उसवून परत करतो," ते म्हणाले. "दुपारपर्यंत देतो. सर, नीट करून देतो."

"नको," सर म्हणाले. "राहू द्या. आता सगळ्यांना माहीतच आहे."

त्यांनी तिथेच कोट अंगात घातला, बटणं लावली आणि रोजच्यासारखे, कडेकडेने, रस्त्याला लागले. काका खिडकीतून बघत राहिले. सर वळणावर दिसेनासे होईपर्यंत त्यांना ती सरकलेली रेघ दिसत होती. सरांची तर पाठ होती त्यांच्याकडे, पण दिसत होती.