बिल काढून ठेवलेली दुर्बीण

माझ्या भाचीला दुर्बीण हवी होती. साधी नव्हे, रायफलच्या नेमबाजीत लागते ती. पन्नास मीटरवरच्या कागदी टार्गेटला पडलेलं भोक वाटाण्याएवढंही नसतं, नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाही. म्हणून नेमबाजाच्या शेजारी स्टँडवर दुर्बीण लावतात. गोळी झाडली की मान वळवून त्यातून बघायचं, कुठे लागली ते. कोल्हापुरात ती ज्या रेंजवर जायची तिथे एकच दुर्बीण सहाजणांत फिरायची आणि राज्याची निवड चाचणी दोन महिन्यांवर आली होती. बहिणीनं फोनवर हे सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "तुला जमलं तर बघ हं, नाहीतर राहू दे." आता असं म्हटल्यावर कोण राहू देतं?

खरं सांगायचं तर तीनशे डॉलरची पुरली असती. भाचीच्या सरांनी तसं सांगितलं होतं. भाची स्वतः म्हणाली होती, "मावशी, साधी चालेल गं, भोक दिसल्याशी कारण." पण मी पडले सॉफ्टवेअर तपासण्याच्या धंद्यातली. तीन आठवडे इथे सिंगापुरात, बेडोकच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून तक्ते करत बसले. काच कुठली, पाणी शिरतं का, किती पट मोठं दिसतं. नवरा म्हणाला, "अगं, तिला कागदावर नेम धरायचाय, चंद्रावर यान नाही उतरवायचं." दुकानात गेले तर काउंटरमागचे म्हातारे चिनी अंकलसुद्धा मधल्या किमतीच्या दुर्बिणीवर बोट ठेवून म्हणाले, "फॉर रेंज? दिस वन इनफ लाह." विकणारा माणूस पुरे म्हणतोय, आणि मी मात्र वरच्या फळीकडे बघतेय!

कारण मला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी एका लग्नात बहिणीच्या जावेनं सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "सिंगापूरची मावशी, आणि आणलं काय तर चॉकलेटं." हसण्यावारी नेलं मी तेव्हा, पण ते मनात सलत राहिलं. वरच्या फळीवरची दुर्बीण साडेसतराशे डॉलरची होती. ती मी घेतली. भाचीच्या नेमासाठी नाही, त्या जावेचं तोंड बंद व्हावं म्हणून घेतली. इतकी वर्षं झाली नोकरीला, पण माझा मूर्खपणा काही गेला नाही.

एवढे पैसे ओतल्यावर पुढचं दुखणं सुरू झालं. कुरिअरनं पाठवली तर तिकडे ड्यूटी भरा. कोणाबरोबर पाठवली तरी ठरावीक रकमेच्या वरचं सामान, म्हणजे पुन्हा ड्यूटी. तीनशेवाली असती तर हा प्रश्नच आला नसता. पण आता मला चेव आला होता. एक पैसा जास्त द्यायचा नाही! आणि आपल्याकडे यावर तोडगा सगळ्यांना तोंडपाठ आहे: खोका टाकून द्यायचा, किमतीचं लेबल सोलायचं, बिल काढून ठेवायचं, वस्तू कपड्यांत गुंडाळायची आणि इकडून जाणाऱ्या कोणाच्या तरी बॅगेत सारायची. आमच्या मराठी लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज हेच चालतं. कोणी मुंबईला जातंय का, छोटंसं पार्सल आहे. मीही इतरांची औषधं नेली आहेत, पाळण्यातल्या बाळाचे वाळे नेले आहेत, एकदा तर मिक्सरचं भांडं नेलं आहे.

त्याच आठवड्यात ग्रुपवर एका मुलीचा मेसेज आला. मुलगी म्हणजे तिशी उलटलेली, इथे संशोधन करणारी, बुकित पंजांगला राहणारी. गणपतीच्या जेवणात नि एकदोन सहलींत आमची ओळख झालेली. तिनं लिहिलं होतं की बाबांना हॉस्पिटलमध्ये ठेवलंय, मी उद्या मुंबईमार्गे नागपूरला निघतेय, नागपुरात कोणाच्या ओळखीचे हृदयाचे डॉक्टर आहेत का. खाली काळजी घे, सगळं ठीक होईल, अशी रांग लागली. मीही 'काळजी घे गं' असं लिहिलं. आणि दोनच मिनिटांनी तिला एकटीला वेगळा मेसेज टाकला: बॅगेत थोडी जागा असेल का?

माझी लेक शेजारी बसली होती, तिनं ते वाचलं. म्हणाली, "आई, हर डॅड इज सिक. डोन्ट बी लाइक दॅट लाह." मी तिच्यावरच डाफरले. म्हटलं, तुला काय कळतंय, नागपूरहून बहीण मागवून घेईल, त्या मुलीला काय भार होणार आहे? दवाखान्यात ठेवलंय म्हणजे लगेच काही होतं का? हे माझे शब्द. आठवले की अजून अंगाला आग लागते.

ती भिडेखातर हो म्हणाली. मला 'नाही' म्हणण्याइतकी ती मला ओळखत नव्हती. त्याच रात्री मी तिच्या इमारतीखाली जाऊन गाठोडं दिलं. दुर्बीण दोन टॉवेलांत नि एका चादरीत बांधलेली. ती म्हणाली, "ताई, बिल असू द्या ना बरोबर." मी म्हटलं, "वेडी आहेस का? बिल दिसलं की तेच धरून बसतात. विचारलं तर सांग, जुनी आहे, पक्षी बघायला वापरते." ती मान हलवून आत गेली. बिल माझ्या कपाटात, पासपोर्टांच्या पाकिटात व्यवस्थित ठेवलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास तिचं विमान मुंबईत उतरलं. पुढचं नागपूरचं एकच्या आधी होतं. इथे जेवणानंतरची मीटिंग चालू असताना माझा फोन थरथरला. तिचं नाव बघितलं. पोचल्याचं सांगत असेल, म्हणून मी फोन उलटा ठेवला. तो पुन्हा वाजला. चार वेळा वाजला. मी बाहेर आले तेव्हा मेसेज होता: ताई, कस्टमवाल्यांनी थांबवलंय, बिलाचा फोटो पाठवा प्लीज, लवकर. बिल घरी. नवऱ्याला ऑफिसातून घरी पिटाळलं, त्यानं फोटो पाठवेपर्यंत तिकडे एक वाजून गेला होता.

तिथं काय घडलं ते मला नंतर कळलं. मी सांगितल्याप्रमाणे तिनं जुनी आहे म्हणून सांगितलं. ऑफिसरनं चादर सोडली, तर भिंगावरची प्लॅस्टिकची पातळ फिल्मसुद्धा निघालेली नव्हती. त्यानं मोबाइलवर किंमत शोधली आणि तिच्यासमोर धरली. खोटं बोलली, म्हणजे आता नुसती ड्यूटी भरून भागेना. साहेब येणार, जबाब लिहून घेणार. ती म्हणत होती, ही ठेवून घ्या, मला नकोच आहे, माझे वडील आजारी आहेत. ऑफिसर म्हणाला, मॅडम, इथे प्रत्येकाचे वडील आजारी असतात. सह्या करून, दुर्बीण तिथेच टाकून ती पळत सुटली तोवर विमान गेलं होतं. पुढचं संध्याकाळी होतं. तिचे वडील चार वाजता गेले. तेव्हा ती विमानतळावरच्या खुर्चीत बसलेली होती.

ग्रुपवर बातमी आली. भावपूर्ण श्रद्धांजलीची रांग लागली. या वेळी माझ्याच्यानं एक अक्षर लिहवेना. भाचीची चाचणी झाली, ती कशी झाली हे विचारायचंही मला सुचलं नाही.

महिन्यानं ती परत आल्याचं कळलं तेव्हा मी गेले. नवरा म्हणाला, फोन कर, कशाला तोंड दाखवायला जातेस. मी म्हटलं, तोंड दाखवायलाच जायला हवं. बुकित पंजांगच्या तिच्या घरात बुद्धाच्या तसबिरीशेजारी वडिलांचा फोटो लावलेला होता. शाळामास्तर होते ते. मी वाटेत पाठ केलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं. चूक माझी आहे, मी लोभी आहे, मला शिव्या घाल. ती रडली नाही, की चिडलीही नाही. म्हणाली, "ताई, बिल दिलं असतं तर ड्यूटी मीच भरली असती. कार्ड होतं माझ्याकडे." मला तोंडात मारल्यासारखं झालं.

"तुझी वाट बघत होते का गं?" मी विचारलं. मला खरं तर ऐकायचं होतं की शुद्ध नव्हती, त्यांना काही कळत नव्हतं. किती स्वार्थी असावं माणसानं!

"शुद्धीवर होते," ती म्हणाली. "उतरल्या उतरल्या मी भावाला फोन केला होता. त्यानं बाबांना सांगितलं, ताई मुंबईत पोचली. मग ते सारखे विचारायला लागले, कुठवर आली, अजून का नाही आली. आता कस्टमचं त्यांना काय सांगणार? भाऊ म्हणाला, सामानासाठी थांबलीय."

ती फोटोकडे बघत होती.

"तर बाबा त्याला म्हणाले, सामान राहू दे म्हणावं तिला. आपण दुसरं घेऊ."