सदाने वेस ओलांडली

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशीही नाही. संध्याकाळी फाटक वाजलं की अजून दचकतो — तो तर नसेल?

महाराष्ट्र राज्य तेव्हा व्हायचं होतं. घराण्यातला पहिला बी.ए. मी, मालवणजवळच्या एका गावात मास्तर. सदा सतरा वर्षांचा, चोरीपायी सुधारगृहात गेलेला. मुदतीआधी त्याला परवान्यावर सोडलं होतं — येसूकाकीच्या पडवीतली खोली, स्वतःची चूल, होड्या दुरुस्त करायचं काम. देखरेख माझ्याकडे. अट एकच: सुधारगृहाच्या साहेबांच्या परवानगीवाचून गावाची वेस ओलांडायची नाही. ओलांडली तर परत आत.

आणि त्याच वर्षी देवाने गावपळणीचा कौल दिला. तीन दिवस गाव रिकामं. माणसं, गुरं, कोंबड्यासुद्धा वेशीबाहेर झोपड्यांत. मागे कुणी राहायचं नाही.

साहेबांना मी आधी कळवायला हवं होतं. नाही कळवलं. का? शिकलेला मास्तर देवाच्या हुकमाने गाव सोडतो म्हणून ते हसतील — एवढ्याचीच भीती.

"गुरुजी, माका वेशीभायर इलेला चलात?" सदाने विचारलं.

"नको तर ऱ्हव एकटो," येसूकाकी म्हणाली. "भुतांका पेज वाढ."

"चल तू," मी म्हटलं. "साहेबांका कळवलंय मी."

दुसऱ्या दिवशी साहेबांची जीप झोपड्यांपाशी थांबली. रिकामं गाव बघून ते चिडलेच होते. "याला इथे कुणी आणलं?" त्यांनी विचारलं. सदा पेज ढवळत होता, निर्धास्त. "गुरुजींनी सांगल्यानी, म्हणान इलंय."

 नोकरी गेली तर? वडील अजून दुसऱ्यांच्या माडांवर चढत होते... पण ते आत्ता सुचतंय. तेव्हा मी फक्त घाबरलो होतो.

"खोटं बोलतोय, साहेब. मला विचारलंसुद्धा नाही त्याने."

 सदा माझ्याकडे बघत राहिला — मी पुढे काही बोलेन म्हणून? शिपायाने त्याला जीपमध्ये चढवलं.

येसूकाकी ओढ्यावरून गुरं घेऊन परतली. "सदा खंय?"

"साहेबांनी नेल्यानी तेका."

"तुमी सांगलास मां तेंका, तुमच्याच सांगण्यान इलो म्हणान?"

"सांगलंय, काकी."

तिने डोळे पुसले. सदाच्या चुलीवरची पेज उतरवली आणि माझ्यापुढे ठेवली. मी जेवलो.